लष्कराच्या भाकऱ्या

कॉलेज सांभाळून मी संकेतस्थळे बांधून देतो. त्यासाठी वापरतो ते वर्डप्रेस कुणा एका धन्याचे नाही. २००३ साली मॅट मुलनवेग व माइक लिटल यांनी ते उभे केले, तेही काम थंडावलेल्या ‘बीटू’ या आज्ञावलीवरून. परवानाच असा, की कुणीही घ्यावे, बदलावे, पुढे द्यावे.

नुसते घेतच राहणे बरे वाटेना, म्हणून त्याच्या मराठी भाषांतरात शिरलो. इंग्रजीतले ‘न्यू’ साऱ्यांना सारखेच. आपल्याकडे लेख नवा, टिप्पणी नवी, पान नवे! तिथे ‘नवीन’ने भागते. पण ‘डिलिटेड’? काढला, काढली की काढले? मग आज्ञावली लिहिणाऱ्यांना विनवायचे, की या शब्दाजवळ संदर्भाची खूण ठेवा. फ्रेंच-जर्मन मंडळींचीही हीच रड, त्यामुळे निदान आपले गाऱ्हाणे त्यांना नवे नसते!

शिवाय आपण सुचवलेला शब्द लगेच लागत नाही. संपादक तो तपासतात. ‘ड्राफ्ट’साठी मी ‘खर्डा’ सुचवला, त्यांनी ‘मसुदा’ ठेवला. त्यांना मिरचीचा खर्डा आठवला असावा. पैसा एकही मिळत नाही. वडील याला लष्कराच्या भाकऱ्या म्हणतात.

गेल्या महिन्यात एका महिला बचत गटाचे संकेतस्थळ केले. तिथल्या काकू इंग्रजीला बिचकतात. ‘मसुदा जतन करा’ हे वाचून त्यांनी मला न विचारताच बटण दाबले.

‘खर्डा’ असता तरी दाबले असते, असे मला अजून वाटते.