शेवटच्या पानावरची दोन कलमं

चि. मनू,

तू पाठवलेले दोन्ही करारनामे वाचले. एक दिल्लीच्या कंपनीने तुझ्या सहीसाठी पाठवलेला, दुसरा तू कोल्हापूरजवळच्या शिरोलीतल्या जॉबवर्कवाल्यांसाठी तयार केलेला. पहिल्याच्या शेवटच्या पानावर तू दोन कलमं लाल पेनाने खोडली आहेस. लवाद कंपनीचे व्यवस्थापकीय संचालक नेमतील हे एक, आणि वाद फक्त दिल्लीच्या कोर्टात चालेल हे दुसरं. समासात लिहिलं आहेस, 'हे चालणार नाही.' वाचून बरं वाटलं. मग दुसरा करारनामा उघडला, तर शेवटच्या पानावर तीच दोन कलमं शब्दाला शब्द. फरक इतकाच की इथे लवाद तू नेमणार, आणि कोर्ट पुण्याचं, कारण तुमचं रजिस्टर्ड ऑफिस तिथे आहे. म्हणून फोन न करता सविस्तर लिहिते आहे.

आधी कोर्टाच्या हद्दीचं बघू. दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम २० सांगतं की प्रतिवादी जिथे राहतो किंवा धंदा करतो तिथे दावा लावावा, नाहीतर दाव्याचं कारण पूर्ण किंवा अंशतः जिथे घडलं तिथे. तुझी ऑर्डर दिल्लीहून येते, कास्टिंग शिरोलीत होतं, माल मानेसरला उतरतो. म्हणजे एकाहून जास्त ठिकाणच्या कोर्टांना अधिकार असू शकतो, आणि त्यांतलं एक करारात ठरवून टाकायला कायद्याची हरकत नाही. १९७१ सालच्या हकम सिंग विरुद्ध गॅमन या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितलं. ठेकेदाराने दावा लावला होता वाराणसीला, करारात होतं मुंबई, आणि कंपनीचं मुख्य कार्यालयही मुंबईत. कोर्टाने मुंबई कायम ठेवली. त्याच निकालात हेही आहे की ज्या कोर्टाला मुळात अधिकारच नाही, त्याला दोघांनी सह्या करून तो देता येत नाही.

तुझं पुण्याचं कलम इथेच अडकतं. कलम २० च्या स्पष्टीकरणाप्रमाणे कंपनीचं मुख्य कार्यालय एकीकडे आणि शाखा दुसरीकडे असेल, आणि दाव्याचं कारण शाखेच्या ठिकाणी घडलं असेल, तर त्या वादापुरती कंपनी शाखेच्याच ठिकाणी धंदा करते असं धरतात. १९९१ च्या पटेल रोडवेजच्या खटल्यात माल तामिळनाडूतल्या शाखेत सोपवलेला होता आणि करारात मात्र मुंबईचं कोर्ट छापलेलं होतं. कंपनीचं मुख्य कार्यालय मुंबईत असूनही ते कलम टिकलं नाही. तुझ्या जॉबवर्कवाल्यांशी होणारा व्यवहार सगळा शिरोलीतला. चलन तिथलं, काम तिथलं, पैसेही तिथेच द्यायचे. तेव्हा पुण्याचं कलम कोर्टात बहुधा उभं राहणार नाही. पण मनू, ते टिकलं असतं तरी मी तुला ते काढायलाच सांगितलं असतं.

कारण ते कशासाठी घातलं जातं हे मी वकिलीत वर्षानुवर्षं पाहिलं आहे. कोर्टात जिंकण्यासाठी ते नसतंच. समोरच्याने तक्रारच करू नये म्हणून असतं. एका मोल्डिंगवाल्याचं बिल एका मोठ्या कारखान्याने रिजेक्शनचं कारण सांगून अडवलं होतं. तो माझ्याकडे आला तेव्हा कायदा त्याच्या बाजूने होता. पण परगावच्या तारखा, तिथला वकील, बंद राहणारं मशीन असा सगळा खर्च मांडल्यावर तो बिलाच्या रकमेपुढे गेला. त्याने कागद पुन्हा पिशवीत घातले आणि गेला. माझ्या लेखी ती चोरीच होती, आणि ती करारावर सही झाली त्याच दिवशी झाली होती. धंद्यातली नीतिमत्ता आपण भेसळ, करचुकवेगिरी, लाच यांत शोधतो. मला ती आधी इथे दिसते: आपल्याविरुद्ध तक्रार करायची तर दुबळ्या माणसाला किती लांब जावं लागेल आणि तिथे न्याय कोण करणार, हे आपण काय ठरवतो त्यात.

कोल्हापूरकरांना हे मी सांगायला नको. उच्च न्यायालयाचं खंडपीठ इथे व्हावं म्हणून सहा जिल्ह्यांतल्या वकिलांनी आणि पक्षकारांनी चाळीसहून अधिक वर्षं धरणं, मोर्चे, बहिष्कार सगळं केलं, तेव्हा कुठे ऑगस्ट २०२५ मध्ये सर्किट बेंच सुरू झालं. सिंधुदुर्गातल्या माणसाला अपिलासाठी मुंबई गाठावी लागू नये एवढीच ती मागणी होती. अंतरामुळे हक्क बुडतो, हे आपल्या गावाने रस्त्यावर उतरून सांगितलं आहे. त्याच गावात आपण आपल्या माणसांना पुण्याला पाठवायचं?

आता लवादाचं. निकालात ज्याचं हित गुंतलं आहे त्याने एकट्याने लवाद नेमू नये, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली पर्किन्स ईस्टमनच्या प्रकरणात म्हटलं. २०२४ च्या नोव्हेंबरात घटनापीठाने सरकारी कंपन्यांच्या करारांतली अशी एकतर्फी नेमणूक समानतेच्या हक्काविरुद्ध ठरवली. तेव्हा दिल्लीवाल्यांना ठामपणे लिही: लवाद दोघांच्या संमतीने, आणि बैठक कुठल्याही एका पक्षाच्या गावी नको. ही मागणी काही उद्धटपणाची नाही. मराठेशाहीत स्थानिक गोतसभेवर भरवसा नसलेला पक्षकार परस्थळ, म्हणजे दुसऱ्या गावी निवाडा, मागू शकत असे, आणि निवाडा मान्य करू असा राजीनामा दोन्ही पक्ष आधी लिहून देत. न्याय करणाऱ्यावर दोघांचा विश्वास हवा, हे आपल्याकडे फार जुनं आहे. जॉबवर्कच्या करारातून मात्र लवाद पूर्ण काढून टाक. ऐंशी हजारांच्या बिलासाठी लवादाची फी कोण भरणार?

दिल्लीवाले ऐकले नाहीत तरी तू उघडी पडत नाहीस. सूक्ष्म आणि लघुउद्योगांसाठी २००६ चा कायदा आहे. पैसे देण्याची मुदत करारात काहीही लिहिली तरी ४५ दिवसांपुढे जात नाही, आणि लेखी करारच नसेल तर ती १५ दिवसांची. उशीर झाला की रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज. तक्रार याच कायद्याखालच्या फॅसिलिटेशन कौन्सिलकडे, आणि तीही पुरवठादार जिथे आहे तिथल्या. खरेदीदार देशात कुठेही असो. खरेदीदाराला कौन्सिलच्या निवाड्याविरुद्ध आव्हान द्यायचं तर आधी ७५ टक्के रक्कम भरावी लागते. करारात लवादाचं वेगळं कलम असलं तरी हा कायदा वरचढ, हे महाकाली फूड्सच्या २०२२ च्या निकालात स्पष्ट झालं. मात्र पुरवठादाराची या कायद्याखालची नोंदणी माल पुरवण्याच्या आधीची हवी, असंही त्यात आहे. तुझी उद्यम नोंदणी आहे. तुझ्या जॉबवर्कवाल्यांची आहे का?

विचार त्यांना, आणि नसेल तर करून दे. तुझ्या ऑफिसातल्या मुलाला बसव त्यांच्याबरोबर, आधार आणि पॅन घेऊन. आपल्याच हाताने आपल्याविरुद्ध हत्यार का द्यायचं, असं तुझा हिशेबनीस म्हणेल. दे. ४५ दिवसांत पैसे देणार असशील तर त्या हत्याराची भीती तुला कशाला?

रिजेक्शनचंही नीट लिही, कारण बहुतेक भांडणं तिथूनच उठतात. कास्टिंगमध्ये ब्लोहोल निघाले तर १५ दिवसांच्या आत लेखी कळवायचं, खराब नग दाखवायचे आणि परत द्यायचे. त्या मुदतीत लेखी हरकत नसेल तर माल पोचला त्याच दिवशी स्वीकारला असं कायदा धरतो. महिन्यांनी पेमेंट मागितल्यावर रिजेक्शन आठवणं बंद.

आणि वाद झालाच तर आधी मध्यस्थी. ३ लाख किंवा त्याहून मोठ्या व्यापारी वादात तातडीचा हुकूम मागायचा नसेल, तर मध्यस्थीचा प्रयत्न केल्याशिवाय दावा दाखलच करता येत नाही. पाटील ऑटोमेशनच्या २०२२ च्या निकालाने ते पक्कं केलं. तिथे झालेल्या तडजोडीला लवादाच्या निवाड्याइतकं बळ असतं. छोट्या रकमांना ही सक्ती नाही, तरी तू ती करारात घाल: दोघांना मान्य असलेला मध्यस्थ, बैठक कोल्हापुरात, खर्च तुझा. नाहीच जमलं तर कोल्हापूरचं कोर्ट. मध्यस्थ निवाडा देत नाही, दोघांना बोलतं करतो, आणि उद्या त्याच माणसाकडून मशीनिंग करून घ्यायचं असतं तेव्हा याचं मोल कळतं.

एक शेवटचं. तुझा करारनामा इंग्रजीत आहे. सही करणाऱ्यांपैकी कितीजण तो वाचू शकतील? मराठीत कर. भाषा मी तपासून देईन. शनिवारी सुट्टीच्या आधी सगळ्यांना बोलावून मोठ्याने वाचून दाखव, आणि कुणी एखाद्या कलमावर हरकत घेतली तर तिथल्या तिथे खोडायला पेन जवळ ठेव. तोवर दिल्लीवाल्यांना पाठवायच्या पत्राचा मसुदा मी करते.

तुझी,
आत्या