बाकी पाच राखीव

चि. बाळ्यास,


तुझं पत्र पोचलं. कॉलेजच्या बास्केटबॉल संघाची जबाबदारी तुझ्यावर आली हे वाचून फार आनंद झाला. सात पोरांबद्दल तू किती बारकाईने लिहिलं आहेस! कोणाचा डावा हात कच्चा, कोण दमला की चिडतो, सगळं. आणि शेवटी एवढंच, ‘बाकी पाच राखीव’. ती ओळ वाचली आणि लगेच लिहायला बसलो.

नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाचे डीन स्मिथ हे मायकेल जॉर्डनचे कॉलेजातले कोच म्हणून तुला ठाऊक आहेत. 1961 ते 1997 या काळात त्यांच्या संघाने 879 सामने जिंकले. हा माणूस स्वतः मात्र बाकावरचा खेळाडू. 1952 साली कॅन्सस विद्यापीठाने राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवलं, तेव्हा स्मिथ त्या संघात राखीव गार्ड होते. कोच होते फॉग ॲलन, म्हणजे बास्केटबॉलचे जनक जेम्स नेस्मिथ यांचे शिष्य. गंमत अशी की स्मिथनी 1997 मध्ये ज्यांचा 876 विजयांचा विक्रम मागे टाकला, ते केंटकीचे ॲडॉल्फ रपही विद्यार्थिदशेत याच ॲलनच्या संघात राखीवच होते! पण रप यांची ख्याती कडक शिस्तीची आणि तिखट जिभेची. तेव्हा बाकावर बसून काढलेली वर्षं माणसाला आपोआप हळवं करतात असं मुळीच नाही.

स्मिथनी हळवेपणावर काही सोडलंच नाही, त्यांनी रीती घालून दिल्या. पूर्वार्धात ते पाचही मुख्य खेळाडू एकदम बाहेर बोलावत आणि राखीव पाच जणांची अख्खी तुकडी आत पाठवत. तिचं नाव ‘ब्लू टीम’. खेळायला मिळायची मिनिट-दोन मिनिटं, पण ती या पोरांच्या हक्काची. सामना खिशात आल्यावर टाकलेली भीक नव्हे. मुख्य खेळाडूंना दम खायला मिळे आणि ब्लू टीम जीव तोडून खेळे. दमलेल्या खेळाडूने मूठ वर केली की त्याला बाहेर घेत, आणि पुन्हा आत कधी जायचं ते त्याचं त्याने सांगायचं. त्यामुळे बाहेर येणं ही शिक्षा राहिली नाही. बाहेर येणाऱ्यासाठी अख्खा बाक उठून टाळ्या वाजवी. घरच्या मैदानावरच्या शेवटच्या सामन्यात सुरुवातीला शेवटच्या वर्षाची मुलं उतरत, मग त्यांतल्या एखाद्याने वर्षभर नुसती पाण्याची बाटली धरलेली का असेना.

फेब्रुवारी 2015 मध्ये स्मिथ गेले. महिन्याभराने त्यांच्या सुमारे 180 माजी खेळाडूंच्या घरी पत्रं गेली. प्रत्येक पत्रात 200 डॉलरचा चेक होता, सरांकडून एक जेवण म्हणून. स्मिथनी आधीच तशी तरतूद करून ठेवली होती. जॉर्डनसाठी 200 आणि जेमतेम मैदान पाहिलेल्यासाठीही 200.

याच्या उलट गोष्टही ऐक. यूसीएलएचे जॉन वुडन यांनी 1964 ते 1975 दरम्यान दहा अजिंक्यपदं मिळवली, आणि तीही मोजक्या सात-आठ जणांना खेळवून. 1970 साली विजयाच्या मेजवानीत एक राखीव खेळाडू उभा राहिला आणि बोलला, की इथे मुख्य खेळाडूंना एक न्याय आणि आम्हाला दुसरा, कोच आमच्याशी बोलतच नाहीत. लोकांनी त्याची हुर्यो उडवली. वुडन यांच्या ते मनाला लागलं.

याच सुमारास तिथे स्वेन नेटर आला. सहा फूट अकरा इंच उंच, पण त्याच्या जागेवर होता बिल वॉल्टन. वुडननी त्याला आधीच स्पष्ट सांगितलं: तुला फारसं खेळायला मिळणार नाही, पण रोज सरावात देशातल्या सर्वोत्तम सेंटरशी झुंजशील तर व्यावसायिक खेळाडू होशील. नेटर कॉलेजात एकाही सामन्याच्या सुरुवातीच्या पाचांत नव्हता. तरी 1973 मध्ये एनबीएच्या निवडीत पहिल्याच फेरीत त्याचं नाव निघालं, 1974 मध्ये एबीए या दुसऱ्या व्यावसायिक लीगचा सर्वोत्तम नवोदित ठरला आणि पुढे दोन्ही लीगमध्ये एकेका हंगामात रिबाउंडमध्ये पहिला आला. नंतर वुडनच्या शिकवण्यावर त्याने पुस्तकही लिहिलं. मला तरी यातलं सर्वांत मोलाचं वाटतं ते त्याला आधीच सांगितलेलं खरं.

आता तिकडे अमेरिकेत काळ बदलला आहे. 2021 पासून मुलं कॉलेज बदलून वर्षभर न थांबता लगेच खेळू शकतात. बाकावरचा पोरगा हिवाळा काढतो आणि वसंतात दुसरीकडे जातो. त्यात 2025-26 पासून खेळाडूंना थेट पैसे देण्याच्या नव्या व्यवस्थेतल्या कॉलेजांत संघ 15 जणांचाच, म्हणजे शिष्यवृत्तीशिवाय, स्वतःच्या खर्चाने सराव करणाऱ्यांना जागा आणखी कमी. ब्लू टीमसारखी पोरं आता वर्षानुवर्षं टिकवणं अवघड, हे मला कळतं.

तुझ्याकडे मात्र तसं काही नाही. तुझे बारा तुझ्याचपाशी आहेत, आणि सामन्यात 40 मिनिटं गुणिले पाच, म्हणजे वाटायला 200 मिनिटं आहेत. त्यातली दहा कुणाची, ते सामन्याआधी ठरव आणि त्यांना सांगून टाक.

पुढच्या पत्रात त्या पाच जणांची नावं लिही. कोणाचा डावा हात कच्चा आहे, तेही.

तुझा,
काका