ईदीचे मासे

2022 साली रमजान ईद 3 मे रोजी होती. ईदीचे पैसे हातात पडले की मुलं काय घेतील याचा नेम नसतो. आमच्या धाकटीने आणि तिच्या मामेभावाने पैसे एकत्र केले आणि मासे आणले. प्लास्टिकच्या दोन पिशव्या, त्यांत चार मॉली आणि दोन गोल्डफिश.

घरात दीड फुटी काचेची टाकी आधीपासून होती. तिच्यात तीन गोल्डफिश, सहा गप्पी आणि काच साफ करतो म्हणून घेतलेला एक सकर मासा होता. म्हणजे आता एकूण सोळा. ‘जास्त होतायत का?’ असा विचार माझ्या मनात आला होता, पण ईदच्या दिवशी लेकराला नाही कोण म्हणणार? मीच पिशव्या पाण्यात सोडल्या. टाकी भरलेली, रंगीत दिसायला लागली. अम्मी म्हणाल्या, “मा शा अल्लाह, कित्ती रौनक आई!”

दहा-बारा दिवसांनी एका रात्री वीज गेली. पंखा बंद, हवेचा पंप बंद. फजरच्या वेळी धाकटी मला हलवत होती, “अब्बू, मछल्यां ऊपर आके मुंह मार रे.” सगळे मासे पाण्याच्या पृष्ठभागाशी येऊन तोंडं उघडत होती. दुपारपर्यंत सात मासे मेले. मोगऱ्याच्या कुंडीत आम्ही ते पुरले. धाकटीने विचारलं, “मैं जादा लाई इसलिए?”

मी शिक्षक आहे. उर्दू माध्यमाच्या मुलांना मराठी शिकवतो. चुकीचं उत्तर आलं तर चूक कुठे झाली ते मुलाला दाखवायचं, हे बी.एड.ला शिकलो. इथे चूक माझी होती. तिने मासे आणले, पण पाणी किती आहे हे मोजायचं काम मोठ्या माणसाचं होतं. मी टाकीतली मोकळी जागा पाहिली, पाणी मोजलं नाही.

मग मोजलं. टाकी 45 सेंटिमीटर लांब, 30 रुंद, 30 उंच. गुणाकार केला तर साधारण 40 लिटर. तळाची वाळू, दगड आणि वरची रिकामी चार बोटं वजा केली तर पाणी उरतं जेमतेम 32 लिटर. म्हणजे दोन बादल्या. दोन बादल्यांत सोळा जीव!

मासा जिथे खातो तिथेच त्याची घाण होते. तिच्यातून अमोनिया तयार होतो आणि तो माशांना विष आहे. वाळूत आणि फिल्टरच्या स्पंजात वाढणारे सूक्ष्म जिवाणू अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. नायट्रेट त्या मानाने सौम्य असतं, पाणी बदललं की निघून जातं. नव्या टाकीत हे जिवाणू पुरेसे वाढायला चार ते सहा आठवडे लागतात. जुन्या टाकीतही ते असतात तेवढ्याच माशांपुरते असतात. एकदम सहा मासे वाढवले की त्यांची घाण पचवणारं कुणी नसतं. पाणी काचेसारखं स्वच्छ दिसतं, आणि आत विष साठत जातं.

वर आमच्या सोलापूरचा मे महिना. 20 अंशांच्या पाण्यात लिटरमागे साधारण 9 मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो, 35 अंशांच्या पाण्यात जेमतेम 7. पाणी तापलं की माशाला प्राणवायू जास्त लागतो, आणि पाण्यात तो असतो कमी. अमोनियाचा विषारी भागही गरम पाण्यात वाढतो. गोल्डफिश तर मुळात थंड पाण्यातला, कार्पच्या कुळातला मासा. नीट वाढला तर वीतभर होतो. सकर फूटभर वाढतो. दुकानात दोन बोटांएवढे दिसतात म्हणून आपण फसतो.

यावर सगळीकडे एकच उपाय सांगतात, दर आठवड्याला चौथा हिस्सा पाणी बदला. माझ्या टाकीला आठ लिटर, म्हणजे अर्धी बादली. ऐकायला सोपं आहे. पण उजनीचं पाणी सुमारे शंभर किलोमीटरवरून आमच्या नळाला येतं, आणि तेही चार-पाच दिवसांआड. एखादी जलवाहिनी फुटली की आणखी एक-दोन दिवस. त्या वेळी पिण्याचं, वजूचं, भांड्यांचं पाणी वाटून घेताना बायको विचारते, “मछल्यांको कां से देऊं?” तिचं बरोबर असतं.

तिथे मला माझा नियम सापडला. मासे किती ठेवायचे हे जानेवारीच्या गार दिवसावरून ठरवायचं नाही. मेमधल्या सगळ्यात वाईट आठवड्यावरून ठरवायचं. नळ आला नाही, वीज गेली, पाहुणे आले, तरी त्या आठवड्यात जितके मासे तगतील तितकेच वर्षभर ठेवायचे.

पूर्ण वाढलेल्या माशाच्या एका इंचाला चार लिटर पाणी, असा एक ढोबळ हिशोब शौकीन लोक करतात. तो सडपातळ, छोट्या माशांना चालतो, गोल्डफिशसारख्या जाडजूड माशांना नाही. माझ्या 32 लिटरला आठ इंच भरतात, म्हणजे सहाच गप्पी. रॉबर्ट वॉरिंग्टन नावाच्या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने 1850 साली वनस्पती, गोगलगायी आणि मासे एकमेकांच्या आधाराने भांड्यात जगू शकतात हे दाखवलं. त्याचं काचेचं भांडं बारा गॅलनचं, म्हणजे पन्नास लिटरहून मोठं होतं. त्यात त्याने लहान गोल्डफिश ठेवले, फक्त दोन!

उरलेले गोल्डफिश आणि सकर मी एका ओळखीच्या घरी दिले. त्यांच्याकडे चार फुटी टाकी आहे. कुणी म्हणालं, तलावात सोडून द्या, सवाब मिळेल. तसं करू नये. बाहेरचा मासा तलावात गेला की तिथल्या माशांचं अन्न खातो, रोग नेतो. उजनीत चिलापीने काय केलं ते भीमाकाठच्या मच्छीमारांना विचारा.

आता टाकीत सहा गप्पी आहेत, सगळे नर. हे मुद्दाम सांगतो, कारण गप्पीची मादी महिन्याला वीस-तीस पिल्लं देते, आणि नराशिवायही पुढचे काही महिने देत राहते. डासांच्या अळ्या खातात म्हणून आरोग्य खात्याचे लोक गप्पी वाटतात, त्याचं एक कारण ही झपाट्याने होणारी वाढच आहे. हौदात ती कामाची, दीड फुटी टाकीत तीच अडचण.

पाणी साठवायची आपली सवय इथे उपयोगी पडते. झाकलेल्या पिंपातलं पाणी आदल्या दिवशी उघड्या बादलीत काढून ठेवतो, म्हणजे क्लोरीन उडून जातो. टाकीतून काढलेलं पाणी मोगऱ्याला आणि कढीपत्त्याला जातं, त्यांना ते खतासारखं लागतं. खाणं दिवसातून एकदाच, दोन मिनिटांत संपेल एवढं. आता बायकोची तक्रार नाही. अर्धी बादली पाणी दोनदा कामी येतं.

लहानपणी मदरशात आपण सगळ्यांनीच त्या बाईची गोष्ट ऐकली आहे, जिने मांजर कोंडून ठेवलं, खायला दिलं नाही आणि सोडलंही नाही. मला वाटायचं, आपण तसे नाही, आपण तर दोन वेळा खायला घालतो. पण कोंडलेल्या जिवाचं पाणी आणि हवाही आपल्याच हातात असते. गर्दी केली तर पोटभर खाऊनही तो गुदमरतो.

यंदा ईदीच्या पैशांतून मामेभाऊ पुन्हा मासे आणायला निघाला होता. “छे है ना, एक और डाल,” तो म्हणाला. धाकटी आता सहावीत आहे. तिने त्याला बादली दाखवली आणि म्हणाली, “पहले पानी गिन.” त्या पैशांत दोघांनी टाकीसाठी पाणवनस्पती आणली.