भिंतीपासून चार बोटे

कापडाच्या धंद्यात तीन पिढ्या गेल्या की माल कसा ठेवावा, हे त्या घराला कोणी शिकवावे लागत नाही. ताका जमिनीपासून वीतभर उंच असावा, भिंतीपासून चार बोटे दूर असावा, जड माल खाली आणि हलका वर असावा, रोज लागणारे हाताशी असावे, हे नियम दुकानातला नवा पोऱ्याही महिन्याभरात आत्मसात करतो. जरीचे वस्त्र एकाच घडीवर वर्षानुवर्षे राहिले तर घडीच्या रेघेवरच विरते. म्हणून अधूनमधून घडी मोडून नवी घालावी लागते. नागपूरच्या गांधीबाग बाजारात दुकान असलेल्या एका जैन कुटुंबात हे सारे ज्ञान मुरलेले होते. पण तेच कुटुंब घरी परतले की ते ज्ञान बहुधा दुकानाच्या शटरमागेच राहून जाई. घराच्या गॅरेजमध्ये मोटार कधीच शिरली नाही. तेथे दोन मोठे कूलर, वाळ्याच्या जुन्या ताट्या, नमुन्यांच्या पुस्तकांचे गठ्ठे, आजोबांच्या काळच्या खातेवह्या, एक बंद पडलेली स्कूटर आणि दुकानाचे नूतनीकरण झाले तेव्हा काढून आणलेल्या सागवानी फळ्या एकमेकांच्या अंगावर रेलून पडलेल्या असत.

या बेशिस्तीची किंमत २०२३ साली मोजावी लागली. २३ सप्टेंबरच्या पहाटे नागपुरात काही तासांतच शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळला, अंबाझरी तलाव ओसंडून वाहू लागला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांतून पाणी घराघरांत शिरले. या घराच्या गॅरेजमध्ये ते तीन फुटांपर्यंत चढले. दुकानात जागा अपुरी म्हणून दिवाळीचा काही माल आठवड्याभरासाठी तेथे आणून ठेवला होता. पाणी ओसरल्यावर बाबांनी ताके उलगडले, तेव्हा लालाचा रंग पांढऱ्यात आणि निळ्याचा पिवळ्यात उतरला होता. नुकसान सोसण्याजोगे होते; मात्र आयुष्यभर इतरांना ‘जमिनीवर माल ठेवू नका’ असे सांगणाऱ्या माणसाला ते फार बोचले. भिंतीवरची चिखलाची रेघ त्यांनी रंगवून टाकू दिली नाही.

पुढे काही महिन्यांनी त्याच गॅरेजच्या दाराशी ट्रान्सपोर्टचा टेम्पो उभा राहिला. बिल्टीवर पाठविणाऱ्याचे आणि घेणाऱ्याचे नाव एकच होते, ते म्हणजे घरातल्या थोरल्या लेकीचे. वास्तुकलेचे शिक्षण आणि त्यानंतरची नोकरी, अशी सात वर्षे गोव्यात काढून ती नागपूरला परतत होती. पुठ्ठा आणि गोणपाटात गुंडाळलेले ते लांबलचक सामान उघडले तेव्हा आतून निघाली पावणेतीन मीटर लांबीची, तेरा किलो वजनाची एक फळी, दोन तुकड्यांची डोलकाठी, हाताने धरण्याची वक्र दांडी, म्हणजे बूम, पाण्याखाली दिशा राखणारे फिन आणि दोन गुंडाळलेली शिडे. सारे विंडसर्फिंगचे सामान होते, जुने घेतलेले आणि पगारातून घेतलेले.

घरात मतभेद झाले. काकांनी सरळ हिशेब मांडला: नागपूरला समुद्र नाही, मुलीचे वय लग्नाचे, तेव्हा येईल त्या किमतीला विकून टाकावे. आत्याने विचारले, ‘उद्या सासरी जाताना ही फळी कुठे नेणार?’ प्रश्न फळीचा होता तसा दुसराही होता आणि तो सगळ्यांना कळला होता. माहेरच्या घरात मुलीच्या वस्तूंना जागा असते. पण ती बहुधा तात्पुरती मानली जाते. पुस्तके माळ्यावर जातात, कपाट धाकट्या भावाला मिळते, सायकल शेजारी देऊन टाकतात. कोणी वाईट हेतूने करीत नाही, म्हणूनच त्याविरुद्ध बोलणेही अवघड जाते.

ज्या खेळासाठी हा वाद चालला होता त्याचा जन्मच मुळी घरगुती कारागिरीतून झालेला आहे. १९५८ साली पीटर चिल्व्हर्स नावाच्या बारा वर्षांच्या इंग्रज मुलाने हेलिंग बेटाच्या किनाऱ्यावर एका लाकडी फळीला शीड जोडले होते. अमेरिकेत न्यूमन डार्बी यांनी १९६०च्या दशकाच्या मध्यास स्वतःची फळी घडविली आणि तिची कृती मासिकात छापून सर्वांसाठी खुली केली. त्यानंतर कॅलिफोर्नियातील जिम ड्रेक आणि हॉइल श्वाइट्झर यांनी सर्व बाजूंना झुकणाऱ्या डोलकाठीची फळी तयार करून पेटंट मिळविले आणि तिचा व्यापार जगभर पसरविला. पण १९८५ साली इंग्लंडच्या अपील न्यायालयात ते पेटंट टिकले नाही. एका शाळकरी मुलाने हे आधीच उघड्यावर करून दाखविले होते, हे त्यामागचे एक प्रमुख कारण. १९८४च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये हा खेळ दाखल झाला. आणि समुद्र नसणे ही सबबही फारशी टिकत नाही. भोपाळच्या मोठ्या तलावावर सराव करून तयार झालेल्या इबाद अलीने हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत विंडसर्फिंगचे कांस्यपदक जिंकले, ते २६ सप्टेंबर २०२३ रोजी. त्या दिवशी या घरातली मंडळी गॅरेजमधला चिखल बादल्यांनी उपसत होती.

बाबांनी या वादात काही दिवस मत दिले नाही. ते केवळ रोज संध्याकाळी गॅरेजमध्ये जाऊन ते सामान पाहात. एके दिवशी त्यांनी शीड उलगडून बोटांनी चाचपले. पारदर्शक, ताठ, कापडापेक्षा कागदाला जवळचे असे ते वस्त्र होते. घडी पडली तर तेथेच चिरते, म्हणून ते वरच्या टोकाकडून खाली गुंडाळावे लागते, असे मुलीने सांगितले. ‘म्हणजे ताक्यासारखेच,’ बाबा म्हणाले. त्या क्षणापासून हा माल कसा ठेवावा, एवढाच प्रश्न त्यांच्यापुरता उरला.

प्रश्न वाटतो तितका सोपा नव्हता. अशा फळीचा गाभा फोमचा असतो आणि त्यावर काचतंतू व राळेचे पातळ कवच असते. टोकदार आधारावर टेकली तर तिला खळगा पडतो. शेपटीवर उभी करून भिंतीला टेकविली तर टोके झिजतात आणि एखाद्या दिवशी ती घसरून पडते. उष्णता हा तिचा दुसरा शत्रू. नागपूरचा पारा मे महिन्यात ४५ अंशांच्या पुढे जाणे नवे नाही, आणि पत्र्याच्या छताखाली तर त्याहून अधिक भट्टी. पंचवीस अंशांवरची हवा पंचावन्न अंशांपर्यंत तापली तर सुमारे दहा टक्के प्रसरण पावते. हे फळीच्या आतल्या हवेचेही होते. म्हणून फळीला एक लहानसा स्क्रू असतो. ठेवताना तो सैल करावा लागतो आणि पाण्यात नेताना आठवणीने घट्ट करावा लागतो. तेव्हा फळी छताजवळ नको, कारण तेथे ऊन. जमिनीजवळ नको, कारण तेथे पुराची रेघ. खडूने दोन खुणा झाल्या: साडेतीन फुटांच्या खाली काही नाजूक ठेवायचे नाही आणि सहा फुटांच्या वर काही तापणारे ठेवायचे नाही. उरलेल्या अडीच फुटांत सारे बसवायचे.

मांडणी कशी करावी यावर बापलेकीत मात्र खरी चर्चा झाली. बाबांना भिंतीत पक्के ब्रॅकेट ठोकायचे होते. ते म्हणत, एकदा बसले की पन्नास वर्षे हलणार नाही. मुलीला नट-बोल्टची, सुटी होणारी मांडणी हवी होती. बाबांनी कारण विचारले, तेव्हा ती म्हणाली, ‘बाबा, भिंतीत ठोकले तर ते घराचे होईल. मी कुठेही गेले तरी मला माझे सामान नेता आले पाहिजे, आणि नाही नेले तरी ते इथे कोणाच्या अडचणीचे होता कामा नये.’ बाबा बराच वेळ गप्प राहिले. पक्के ठोकण्यात त्यांचाही एक अर्थ होता. लेकीची जागा या घरात कायम आहे, हे त्यांना शब्दांवाचून सांगायचे होते. दोघांचे म्हणणे एकाच ठिकाणाहून निघाले होते आणि तरी दोन दिशांना जात होते.

शेवटी इतवारीतून स्लॉटेड अँगल आणले गेले. ओळीने भोके पाडलेली ही लोखंडी पट्टी आज प्रत्येक गोदामात दिसते. लंडनमध्ये छपाईचा व्यवसाय करणाऱ्या डिमेट्रियस कोमिनो यांनी ती शोधली. दर वेळी नवी मांडणी करताना जुनी वाया जाते, याचा त्यांना वैताग होता. दुसऱ्या महायुद्धानंतर त्यांनी ती ‘डेक्सियन’ या नावाने बाजारात आणली. सात फुटांचे चार उभे खांब, दीड फूट खोली आणि खांबांच्या दोन चौकटींमध्ये एक मीटर सदतीस सेंटिमीटरचे अंतर ठरले. हे शेवटचे माप मुलीने काढले. लांब वस्तू दोन आधारांवर ठेवायची तर आधार टोकांना नसावेत, मध्यातही नसावेत. प्रत्येक टोकापासून चौथाई अंतरावर असावेत, म्हणजे मधला भाग झुकत नाही आणि टोकेही लोंबत नाहीत. फळी आडवी पसरल्यास जागा खाते, म्हणून ती कडेवर उभी ठेवायची. तिच्याखाली आजोबांच्या दुकानातल्या सागवानी फळ्यांचे चार-चार इंच रुंद तुकडे बसविले आणि त्यांवर जुन्या सतरंजीच्या दुहेरी पट्ट्या शिवल्या. डोलकाठीच्या दोन तुकड्यांसाठी चार इंची पीव्हीसी पाइप आडवे बांधले. चौकटी हलू नयेत म्हणून प्रत्येक कोपऱ्यात त्रिकोणी पट्टी आली. ती नसेल तर कितीही बोल्ट आवळले तरी मांडणी डुलत राहते. समुद्राचे मीठ अॅल्युमिनियमला खाते, म्हणून बूम गोड्या पाण्याने धुऊन, पूर्ण वाळवून मगच वर गेली. सगळ्यात खाली, चाकांच्या घोडीवर, कूलरांची जागा झाली. पाण्याचे भय त्यांना सर्वांत कमी.

मांडणी स्वतःच्या पायांवर उभी राहिली, पण उंच आणि अरुंद वस्तू ओढली गेली तर कलंडते. म्हणून वरच्या बाजूला दोन अँकर बोल्ट भिंतीत घ्यायचे ठरले. चार बोटांचे अंतर राखून, केवळ धरून ठेवण्यापुरते. भोक प्लास्टरमध्ये नव्हे, विटेत खोल जायला हवे, म्हणून बाबांनी आधी भिंत टकटक करून पाहिली. उजव्या खुणेपाशी मातीचे छोटे घर निघाले. कुंभारीण माशीने बांधलेले. आईने ते पाहिले आणि ड्रिल थांबविले. तसूभर सरकवून चालले नसते, धक्का बसलाच असता. मांडणीच वीतभर डावीकडे सरकली आणि बोल्ट तेथे गेला.

साधू-साध्वींच्या पाच समितींपैकी आदाननिक्षेपण समिती हीच आहे: वस्तू उचलताना आणि ठेवताना पाहून, पुसून, जीव दुखावणार नाही असे करणे. गृहस्थाला ती पूर्णतः पाळता येत नाही, परंतु अडगळीच्या ढिगात ती मुळीच पाळता येत नाही. ढीग उपसताना खाली कोण आहे हे कोणाला दिसते? पाली, गोगलगायी, पावसाळ्यातले असंख्य किडे तेथे निवाऱ्याला येतात आणि आपण पेटी सरकवितो. जमीन मोकळी असली की रोज केरसुणी फिरते, मग जीव तेथे अडकतही नाहीत आणि चिरडतही नाहीत.

आजीने मांडणी पाहून एकच अट घातली. तिचे परिग्रहपरिमाणाचे व्रत जुने आहे; घरात एक वस्तू वाढली तर एक बाहेर जावी, असा तिचा पायंडा. नव्या मांडणीवर नवी अडगळ चढणार नाही, याचे वचन तिने नातीकडून नव्हे, मुलाकडून घेतले. स्कूटर भंगारात गेली, नमुन्यांची पुस्तके एका शिवणवर्गाला दिली. खातेवह्या मात्र राहिल्या. त्यांना सर्वांत वरचा, कोरडा कप्पा मिळाला.

पुढच्या हिवाळ्यात स्थळाकडची मंडळी घरी आली, तेव्हा गॅरेजचे दार उघडेच होते आणि पाहुण्यांपैकी एकाने त्या लांब फळीविषयी विचारले. काकांनी विषय बदलण्याचा प्रयत्न केला. बाबांनी मात्र पाहुण्यांना आत नेऊन मांडणी दाखविली, शीड कसे गुंडाळतात ते सांगितले आणि शांतपणे म्हणाले, ‘हे तिचे आहे. इथे राहील किंवा तिच्याबरोबर जाईल. ते तीच ठरवील. सगळे नट-बोल्टवर आहे, पाना एवढा लागतो.’ स्थळ पुढे सरकले की नाही, हा या हकिकतीचा भाग नव्हे. मुलगी स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभी होती आणि तिने ते ऐकले.

आपल्या घरांत माल जपण्याची विद्या पिढीजात आहे. कोणती वस्तू किती उंचीवर, कशाच्या आधाराने आणि भिंतीपासून किती दूर ठेवायची, हे आपण डोळे मिटून सांगू. घरातल्या माणसांना जे प्रिय आहे, त्याच्यासाठीही हीच विद्या वापरता येते. आधार हवा, पण टोचणारा नको. जागा हवी, पण कोंडणारी नको. आणि मधल्या चार बोटांतून हवा खेळती राहिली पाहिजे.