दुसरी प्रत

नंजनगूड हे म्हैसूरपासून सुमारे पंचवीस किलोमीटरवर, कपिला नदीच्या काठी वसलेले क्षेत्र. श्रीकंठेश्वराचे भव्य मंदिर, वसंतात भरणारी ‘दोड्ड जात्रे’ म्हणजे मोठी जत्रा, त्या जत्रेत ओढले जाणारे पाच रथ आणि रसबाळे नावाची सुगंधी केळी यांमुळे हे गाव दूरवर ओळखले जाते. कपिला, म्हणजेच काबिनी, एरवी शांत वाहते. पण केरळातील वायनाडच्या डोंगरांत पावसाने जोर धरला की वरच्या धरणाचे दरवाजे उघडावे लागतात आणि नंजनगूडचे घाट पाण्याखाली जातात. २०१८ आणि २०१९ या दोन्ही वर्षांच्या ऑगस्ट महिन्यात पाणी घाट ओलांडून सखल वस्त्यांत आणि म्हैसूरच्या रस्त्यावर आले होते. अशा वेळी काय उचलायचे हे नदीकाठच्या माणसाला क्षणात ठरवावे लागते. आधी माणसे, मग गुरे, मग धान्य. आणि हात रिकामा उरलाच तर कागद.

या गावी नदीपासून दोन गल्ल्या सोडून राहणारे एखादे मराठी कुटुंब डोळ्यांसमोर आणावे. बाहेर कन्नड आणि घरात मराठी बोलणारे. वडील निवृत्त शिक्षक, मुलगा नोकरदार, नातू शाळेत. या घराचा कागद आता संगणकात गेला आहे. पणजोबांची मोडीतील पत्रे, जमिनीचे दस्तऐवज, जत्रेची आणि बारशांची हजारो छायाचित्रे, मुलाच्या लग्नाची चित्रफीत, आणि आजींनी जात्यावरच्या ओव्या म्हटल्या होत्या त्या जुन्या कॅसेटवरून उतरवलेला त्यांचा आवाज. संगणकात जागा उरलेली नाही. मुलगा म्हणतो, “बाबा, आता एक मोठी बाहेरची हार्ड डिस्क घेऊन टाकू. सगळे त्यात भरले की काळजी मिटली.” वडील विचारतात, “मोठी म्हणजे केवढी?”

प्रश्न साधा आहे. पण त्याचे उत्तर दुकानात नसते, घरात असते. मोबाइलवर काढलेले एक छायाचित्र साधारण चार मेगाबाइट जागा घेते. पन्नास हजार छायाचित्रे धरली तरी दोनशे गिगाबाइट होतात. एक तासाच्या स्पष्ट चित्रफितीला चार ते आठ गिगाबाइट लागतात. अशा शंभर तासांना चारशे ते आठशे. म्हणजे या घराचा सगळा ठेवा एका टेराबाइटच्या आसपास मावतो. एक टेराबाइट म्हणजे एक लाख कोटी बाइट. पुढील काही वर्षांची वाढ लक्षात घेऊन याच्या दुप्पट, म्हणजे दोन टेराबाइटची डिस्क घेतली तर पुरेशी होते.

या हिशेबात आणखी एक गोष्ट उघड होते. आजींच्या ओव्यांचा एक तासाचा आवाज जेमतेम साठ मेगाबाइट जागा घेतो. लग्नाच्या चित्रफितीतील एका मिनिटालाच जवळजवळ तेवढी किंवा त्याहून अधिक जागा लागते. मोडी पत्रांची दोन हजार पाने चार-पाच गिगाबाइटांत बसतात. जे पुन्हा कधीही मिळणार नाही, ते एवढेसे आहे; आणि ज्याच्यासाठी मोठी डिस्क हवी, त्यातील बरेचसे कोणी पुन्हा उघडून पाहणारही नाही. जागेचे माप आणि मोलाचे माप एक नसते. डिस्क निवडण्यापूर्वी घराने ही निवड केली पाहिजे.

त्यानंतर यंत्राचा विचार. हार्ड डिस्कच्या आत चुंबकीय लेप दिलेल्या चकत्या मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० फेऱ्यांच्या वेगाने फिरतात आणि लिहिणारे-वाचणारे टोक त्यांच्या पृष्ठभागापासून केसाच्या जाडीच्या हजारो पट कमी अंतरावर तरंगते. चालू असताना डिस्क हातून पडली तर हे टोक चकतीवर आपटते आणि तेथील नोंद कायमची जाते. खिशात मावणारी अडीच इंची डिस्क संगणकाच्या वायरमधूनच वीज घेते. साडेतीन इंची डिस्क अधिक साठवते, पण तिला वेगळी वीजजोडणी लागते. काही डिस्कवर नोंदींच्या पट्ट्या कौलारू छपरातील कौलांप्रमाणे एकमेकींवर किंचित चढवलेल्या असतात. एक कौल बदलायचे तर शेजारची हलवावी लागतात. तशा या डिस्कवर जुने पुसून नवे लिहिणे संथ होते. एकदा भरून ठेवण्याच्या कामी मात्र त्या स्वस्त आणि पुरेशा ठरतात. फिरते भाग नसलेली एसएसडी धक्के सोसते आणि वेगाने चालते. पण तेवढ्याच जागेला ती महाग पडते, आणि वर्षानुवर्षे विजेविना कपाटात ठेवण्यासाठी तिच्यावर विसंबू नये. प्रत काढायला लागणारा वेळही पाहावा. जुन्या यूएसबी २ जोडणीतून एक टेराबाइट उतरवायला आठ-नऊ तास लागतात, तर यूएसबी ३ मधून साध्या डिस्कवर दोन-तीन तासांत काम होते. जे काम लवकर होते, ते माणूस पुन्हा करतो.

एवढे झाले की निवड संपली असे वाटते. खरी अडचण मुलाच्या दुसऱ्या वाक्यात आहे. ‘सगळे त्यात भरले की काळजी मिटली,’ असे तो म्हणतो तेव्हा संगणकातील फायली बाहेरच्या डिस्कवर नेऊन मूळ जागा मोकळी करण्याचा त्याचा बेत असतो. हे जतन नव्हे, स्थलांतर होय. पूर्वी एक प्रत संगणकात होती. आता एक प्रत डिस्कवर आहे. संख्या एकच राहिली.

देहूची कथा मराठी माणसाला नवी नाही. तुकाराम महाराजांच्या अभंगांच्या वह्या इंद्रायणीत बुडवल्या गेल्या आणि तेरा दिवसांनी त्या तरल्या, असे परंपरा सांगते. श्रद्धेचा भाग श्रद्धेकडे ठेवला तरी एक गोष्ट उरते. ते अभंग संताजी जगनाडे यांच्यासारख्या टाळकऱ्यांनी उतरून घेतले होते, ते कीर्तनांतून लोकांच्या मुखी गेले होते. पुढे संताजींच्या वहीवरून वि. ल. भावे यांनी गाथा छापून प्रसिद्ध केली. एका नदीला सगळ्या प्रती बुडवता येत नाहीत. याउलट १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, तेव्हा पुण्यातील नदीकाठच्या घरांत जे कागद एकुलते एक होते, ते चिखलात गेले ते गेलेच.

म्हणून चार टेराबाइटच्या एका डिस्कपेक्षा दोन टेराबाइटच्या दोन डिस्क बऱ्या. त्याही शक्यतो वेगवेगळ्या बनावटीच्या. पीटर क्रोग या अमेरिकी छायाचित्रकाराने रूढ केलेला नियम लक्षात ठेवायला सोपा आहे: तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांपैकी एक घराबाहेर. नंजनगूडच्या घराला हा नियम सहज पाळता येतो. एक डिस्क घरी, वरच्या मजल्यावर. दुसरी म्हैसूरला आत्याबाईंकडे, जेथे कपिलेचे पाणी पोचत नाही. दसऱ्याला घरची मंडळी म्हैसूरला जातातच, तेव्हा नवी भरलेली डिस्क तिकडे ठेवून जुनी परत आणावी. दोड्ड जात्रेला आत्याबाई नंजनगूडला येतात, तेव्हा पुन्हा अदलाबदल व्हावी. सणांच्या गाठीला बांधलेले काम विसरत नाही. ओव्या, पत्रे, दस्तऐवज हा लहानसा गाभा इंटरनेटवरील साठवणुकीतही ठेवावा. तेथे जागा थोडी मिळाली तरी तो मावतो.

घरची डिस्क काम झाल्यावर संगणकापासून सोडवून ठेवावी. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ नावाच्या खंडणीखोर प्रणालीने जगभरच्या लाखो संगणकांतील फायली कुलूपबंद केल्या. अशी प्रणाली संगणकाला जोडलेल्या डिस्कवरही हात टाकते. कपाटातल्या डिस्कपर्यंत ती पोचत नाही.

प्रत आहे एवढ्यावर समाधान मानूनही भागत नाही. ती उघडते का, हे पाहावे लागते. १९९८ साली अमेरिकेतील पिक्सार या संस्थेत ‘टॉय स्टोरी २’ या चित्रपटाच्या बहुतेक फायली एका चुकीच्या आज्ञेने पुसल्या गेल्या. राखीव प्रती निघत होत्या, पण त्या सदोष असल्याचे तोवर कोणाच्या ध्यानात आले नव्हते. बाळंतपणानंतर घरून काम करणाऱ्या एका महिलेच्या संगणकावर एक प्रत होती, तिने चित्रपट तारला. ज्ञानेश्वरी १२९० साली सिद्ध झाली. पुढे तीनशे वर्षांत तिच्या इतक्या नकला झाल्या की पाठ बिघडू लागले. तेव्हा १५८४ मध्ये एकनाथांनी निरनिराळ्या प्रती ताडून ग्रंथ शुद्ध केला. नक्कल करणारे पुष्कळ असतात. ताडून पाहणारा एखादाच. वर्षातून दोनदा डिस्क बदलताना दहा-वीस फायली उघडून पाहणे, हेच या घराचे पाठशोधन होय. आणि चार-पाच वर्षे झाली की डिस्क चालू असतानाच तिच्या जागी नवी आणावी.

आता उरते ती पणजोबांची पत्रे. त्यांचा कागद शंभर वर्षे टिकला, वाळवीतून आणि पुरातून वाचला. पण मोडीचे शिक्षण विसाव्या शतकात मागे पडले, आणि आज या घरात ती पत्रे वाचू शकणारे कोणी नाही. डिस्कवरील फायलींचेही असे होऊ शकते. परवलीचा शब्द एकट्या मुलाला ठाऊक असेल, छायाचित्रांना नुसते क्रमांक असतील, आणि आवाज कोणाचा हे सांगणारे माणूस उरले नसेल, तर दोन्ही डिस्क धडधाकट असूनही ठेवा मुका होतो. यासाठी परवलीचा शब्द कागदावर लिहून दस्तऐवजांच्या पाकिटात ठेवावा आणि तो कोठे आहे हे घरातील दोघांना तरी सांगावे. फायलींना नावे द्यावीत: कोण, कोठे, कोणते साल. हे काम कोणतीही डिस्क करून देत नाही. वडिलांनी सांगावे, नातवाने टंकित करावे. ओव्यांच्या फायलीपुढे आजींचे नाव लिहिताना नातू ती एकदा ऐकेल, एखाद्या शब्दाचा अर्थ विचारील. आणि आजींच्या ओव्यांची आणखी एक प्रत, कोणत्याही दुकानात न मिळणारी, तेथेच तयार होईल.