नाव बदलून आलेली ‘म्हैसूर’

माझं माहेर बेळगावचं. आई कन्नड, वडील मराठी. सासर मध्य प्रदेशातलं, देवास जिल्ह्यातलं सोनकच्छ. लग्नात नाव बदललं आणि काली सिंधच्या काठी आल्यावर तोंडातलं कन्नडही मागे पडलं. इथून समुद्र फार लांब. तरी लेकीला मी एका क्रूझरची गोष्ट सांगते, कारण माझे थोरले काका तिच्यावर खलाशी होते.

तीही नाव बदलूनच आपल्याकडे आली. १९४० मध्ये ब्रिटिश नौदलात दाखल झाली तेव्हा ती ‘नायजेरिया’ होती. ऑगस्ट १९४२ मध्ये माल्टाला रसद नेणाऱ्या ताफ्याला सोबत करताना ‘अक्सुम’ या इटालियन पाणबुडीचा टॉर्पेडो तिला लागला. पन्नासाहून अधिक माणसं गेली. ती मात्र बुडाली नाही, तशीच जिब्राल्टरला परतली. १९५४ मध्ये भारतानं तिला विकत घेतलं आणि २९ ऑगस्ट १९५७ रोजी ती ‘आयएनएस म्हैसूर’ झाली.

डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्तीच्या वेळी ‘म्हैसूर’ आणि ‘त्रिशूल’ कारवारजवळच्या अंजदीव बेटावर गेल्या. नौसैनिक बेटावर उतरले, तेव्हा पोर्तुगीजांच्या गोळीबारात आपले सात जण धारातीर्थी पडले. काकांना त्या दिवसाबद्दल विचारलं की ते एवढंच म्हणत, ‘बिडव्वा.’ जाऊ दे गं, पोरी.

१९७१ च्या युद्धात ती पश्चिमी ताफ्याची ध्वजनौका होती, हे मात्र ते छाती फुगवून सांगत. २० ऑगस्ट १९८५ ला ती निवृत्त झाली आणि पुढे भंगारात गेली. १९९९ मध्ये मुंबईत बांधलेली विनाशिका त्याच नावानं नौदलात आली.

‘मग ती जुनी इंग्रजांची की आपली?’ लेकीनं विचारलं. मी म्हटलं, आपलीच. पण माल्टाच्या वाटेवर गेलेली माणसंही तिचीच, आणि अंजदीवला गेलेलीही. नवं नाव मिळालं म्हणून मागचं पुसत नाही.

हे तिला सांगताना मलाच जाणवलं की माझं मागचं मी तिला दिलेलंच नाही. तुमच्याही घरात एखादी भाषा अशी गप्प बसली असेल. आता जेवण झालं की मी लेकीला विचारते, ‘ऊट आतेनु?’ ती ‘आतु’ म्हणते, आणि पुढचा शब्द मागते.