एक तोळा अंबर

‘अंबर’ म्हटलं की आपल्याला काय आठवतं? आकाश. फार तर पीतांबरातलं वस्त्र. शाळेतलं मराठी एवढंच डोक्यात उरलेलं असतं! पण क्रॉफर्ड मार्केटवरून मोहम्मद अली रोडच्या दिशेनं चालत निघालात, की हेच अंबर काचेच्या कुपीत बसून तोळ्यावर विकलं जाताना दिसतं. हे अंबर आभाळातलं नाही, समुद्रातलं. निदान नावापुरतं तरी.

या भागात जायचं तर वीकडेला, ऑफिस सुटल्यावर जावं. अख्खी गर्दी सीएसएमटीच्या दिशेनं धावत असते आणि आपण एकटेच उलटे चालत असतो. त्यातही एक मजा आहे. डोक्यावर जे. जे. फ्लायओव्हर, खाली टॅक्सी, हातगाड्या, टोप्यांची आणि खजुराची दुकानं. मिनारा मशिदीच्या आसपास पोहोचलात की नाकाला आधी कबाबचा धूर लागतो, मग तव्यावरचा मालपुवा आणि मग हळूच, कुठून तरी, अत्तर.

अत्तराची दुकानं बहुतेक इवलीशी. दोन माणसं उभी राहिली की तिसऱ्यानं फुटपाथवर थांबायचं. भिंतीभर बाटल्या: गुलाब, मोगरा, खस, हिना, शमामा, मजमुआ. मॉलमधल्या परफ्युम काउंटरवर कागदाची पट्टी हातात देतात. इथे मात्र काचेची काडी थेट मनगटावर टेकवली जाते. ‘रगडना नहीं,’ अशी दटावणीही मिळते. घासलं तर वास बिघडतो म्हणे. काही जुनी गिऱ्हाईकं अजूनही कापसाचा फाया करून कानाच्या पाळीत ठेवतात. आपल्याकडे लग्नात अत्तरदाणी फिरायची, त्याची आठवण येतेच.

मी थेट मुद्द्यावर आले. ‘चाचा, असली अंबर है?’

चाचांनी आधी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या ऑफिसच्या आयकार्डाकडे. ‘बेटा, असली रखूँगा तो मैं अंदर जाऊँगा. ये लो, अंबर की खुशबू है. अंबर नहीं है.’

इतका सरळ दुकानदार मुंबईत भेटला, हाच मला धक्का होता. त्यांनी दिलेल्या कुपीत गोडसर, ऊबदार, थोडा लोबानासारखा वास होता. ‘अंबर’ नावानं अत्तरात जे विकलं जातं ते बहुतेक असंच असतं. लॅब्डेनम नावाच्या भूमध्य समुद्राकाठच्या झुडपाचा चिकट डिंक, लोबान, व्हॅनिला यांचं मिश्रण. छान असतं ते. पण समुद्राशी त्याचा काही संबंध नसतो.

मग असली अंबर म्हणजे नेमकं काय?

त्याची गोष्ट ऐकून कुणी ते अंगाला लावेल का, अशी शंका यावी! स्पर्म व्हेल हा महाकाय देवमासा. हजार मीटरहून खोल बुडी मारतो आणि स्क्विडवर ताव मारतो. स्क्विडची चोच टणक, पोपटाच्या चोचीसारखी. ती पचत नाही. बहुतेक चोची तो ओकून टाकतो. पण काही आतड्यात सरकल्या, की त्यांच्याभोवती मेणासारखा थर साचत जातो. हे शंभरात पाचांहूनही कमी देवमाशांच्या बाबतीत घडतं, असा अंदाज आहे. आपली वर्तमानपत्रं याला ‘देवमाशाची उलटी’ म्हणतात. ते नाव चटकदार असलं तरी बरोबर नाही. गोळा तयार होतो आतड्यात, त्यामुळे तो बाहेर पडतो तो बहुधा मागच्या दारानं, नाहीतर देवमासा मेल्यावर.

ताजा गोळा काळा, मऊ आणि शेणाच्या वासाचा. पाण्यापेक्षा हलका असल्यामुळे तो तरंगत राहतो. ऊन, खारं पाणी आणि हवा त्याच्यावर वर्षानुवर्षं काम करत राहतात. काळ्याचा करडा होतो, करड्याचा पांढुरका. आणि वास? जुनं लाकूड, तंबाखू, ओली वाळू, समुद्र, आणि या सगळ्याखाली एक गोडवा, असं त्याचं वर्णन केलं जातं. परफ्युम बनवणाऱ्यांना त्याचं वेड लागलं ते आणखी एका कारणानं. अंबरामुळे बाकीचे वास चटकन उडून जात नाहीत, अंगावर रेंगाळतात.

अरबी व्यापाऱ्यांनी त्याला ‘अनबर’ म्हटलं. फ्रेंचांनी त्याचंच ‘आंब्र ग्री’, म्हणजे करडा अंबर, केलं. अकबराच्या दरबारात सुगंधांचं वेगळं खातंच होतं आणि अबुल फझलनं ‘ऐन-ए-अकबरी’त अंबराचीही नोंद केली आहे. हर्मन मेलव्हिलनं तर १८५१ च्या ‘मोबी डिक’ या कादंबरीत त्यावर अख्खं प्रकरण लिहिलं.

मग विज्ञान आलं. अंबरातल्या अँब्रीन या द्रव्याची रचना १९४६ मध्ये उलगडली आणि १९५० च्या सुमारास त्या वासाचा मुख्य रेणू क्लॅरी सेज नावाच्या वनस्पतीपासून बनवता येऊ लागला. ही वनस्पती आपल्या तुळशीच्याच कुळातली बरं का! आज हा रेणू उसाच्या साखरेपासूनही, यीस्टच्या मदतीनं बनतो. अँब्रॉक्सन हे त्याचं एक नाव. २००८ मध्ये आलेल्या ‘मॉलिक्युल ०२’ या परफ्युमचा तर सारा खेळ या एका रेणूवर आहे. २०१५ मध्ये आलेल्या आणि एअरपोर्टवर दर तिसरा माणूस ज्याचा ट्रायल स्प्रे मारून जातो, त्या ‘डिओर सोव्हाज’मध्येही तोच आहे. म्हणजे तुमच्या बाजूच्या क्युबिकलमधला तो ‘मस्त वास येतोय रे’वाला सहकारी अंबरच लावून येतो. देवमाशाला त्याचा पत्ताही नसतो.

गोष्ट इथेच संपली असती तर किती बरं! पण आपल्याला ‘नॅचरल’ हवं असतं ना. साबण नॅचरल, शॅम्पू नॅचरल, आणि परफ्युममध्येही ‘असली’. या एका शब्दापायी कोकण किनाऱ्यावर काय काय होतं, ते पाहा.

भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं स्पर्म व्हेलला संरक्षण आहे. त्यामुळे अंबर विकणंच नव्हे, जवळ बाळगणंही गुन्हा. ब्रिटनमध्ये किनाऱ्यावर सापडलेला गोळा उचलून विकता येतो, इथे नाही. २०२१ मध्ये येमेनच्या काही मच्छीमारांना एडनच्या आखातात मेलेल्या स्पर्म व्हेलच्या पोटात १२७ किलो अंबर मिळालं. त्याचे सुमारे १५ लाख डॉलर आले आणि त्यांच्या गरीब गावात घरं, होड्या, लग्नं झाली. ही बातमी मोबाइलवर फिरली की आपल्याकडच्या कुणाच्याही मनात येणारच, ‘आपल्याला का नाही?’ समुद्र तर तोच, अरबी! पण २०१९ मध्ये मुंबईत विद्याविहारला एकाला पकडलं ते १.३ किलो अंबर बाळगल्याबद्दल. किंमत सांगितली गेली १ कोटी ७० लाख. तेव्हापासून ‘कोटींची उलटी जप्त’ ही बातमी अधूनमधून येतच असते. गंमत म्हणजे इथे त्याचा कायदेशीर बाजारच नाही, मग भाव ठरवला कुणी? कोटींचा आकडा वाचून आणखी चार जण किनारा धुंडाळायला लागतात, एवढं मात्र नक्की.

मी चाचांना विचारलं, आपोआप वाहून आलेला गोळा उचलला तर बिघडलं काय? मासा तर मारला नाही ना!

त्यांनी बाटलीचं बूच लावता लावता उत्तर दिलं. ‘गोले पे थोड़े ही लिखा होता है, कहाँ से निकाला?’

मला वाटतं, कायद्याचं सगळं सार यात आलं. गोळ्याला भाव आला की तो बाहेर पडायची वाट कोण बघेल? देवमाशांची व्यापारी शिकार थांबवण्याचा निर्णय जगानं १९८२ मध्ये घेतला, १९८६ पासून तो लागू झाला. तरी स्पर्म व्हेल अजून धोक्याबाहेर नाही.

आणि कोकणातली माणसं काही फक्त गोळे शोधत बसलेली नाहीत. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये गणपतीपुळ्याच्या वाळूत देवमाशाचं पिल्लू अडकलं. ते स्पर्म व्हेलचं नव्हतं, पण गावकरी, वनखातं, तज्ज्ञ त्याला पाण्यात ढकलायला दिवसरात्र झटले. पिल्लू वाचलं नाही, पण झटले. जाळ्यात सापडलेलं कासव, डॉल्फिन किंवा व्हेल शार्क सोडण्यासाठी जाळं कापलं, तर महाराष्ट्रात २०१८ पासून मच्छीमाराला २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई मिळते. येमेनच्या १५ लाख डॉलरपुढे ही रक्कम काहीच नाही. पण यात माणूसही तरतो आणि प्राणीही.

तेव्हा पुढच्या लाँग वीकेंडला दापोली, गुहागर नाहीतर तारकर्लीला गेलात आणि वाळूत करडा, मेणचट गोळा दिसला, तर तो सॅकमध्ये टाकू नका. बहुतेक वेळा ते मेण किंवा डांबर निघतं. खरंच अंबर निघालं तर सुट्टी पोलीस ठाण्यात जाईल. वनखात्याला कळवा आणि पुढे चालू लागा.

आणि अंबर हवंच असेल तर मोहम्मद अली रोडला जा. तिथे ‘असली है क्या?’ असं विचारू नका. ‘अच्छा है क्या?’ विचारा. मनगटावर काडी टेकवून घ्या, रगडू नका, आणि वास रेंगाळेपर्यंत मालपुव्याच्या रांगेत उभे राहा.